लाल दाबलं की हिरवं

मंद्रूप
१८ जानेवारी २०२४

श्रीदेवी,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यातच माझी सकाळ गेली. सौभाग्यवती लिहिता येत नाही, आणि दुसरं जे लिहितात ते लिहायला हात उठत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद आहेतच असं समज.

तू म्हणशील, मामा म्हणवणाऱ्या सासऱ्यानं फोन का केला नाही. दोनदा केला. एकदा तुझ्या वहिनीनं उचलला, तू झोपलीस म्हणाली. दुसऱ्यांदा तूच उचललास आणि बोलली नाहीस. मलाही बोलता आलं नाही. दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मी ठेवला. कागदावर तसं होत नाही, लिहायला बसलं की काहीतरी लिहावंच लागतं. घरात आपली कानडी, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहायला मला हीच भाषा येते. यात कुणाचं बोलणं आलं तर तू मनातल्या मनात कानडी करून घे.

संक्रांतीच्या बाजारला तुझा भाऊ नागप्पा मंद्रूपला आला होता. मला बघून आधी तोंड फिरवलं, मग स्वतःच जवळ आला. म्हणाला, अक्कलकोटचं एक स्थळ आहे. माणूस शाळेत शिपाई आहे, त्याचीही पहिली बायको वारली, मूलबाळ नाही, घरचे शांत आहेत. पण तू तयार नाहीस. नागप्पा म्हणाला, "मामा, ती म्हणत्या, माझ्या हातानं एक माणूस गेलं. आता हा हात घेऊन दुसऱ्याच्या घरात कशी जाऊ?"

हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

गेल्या वैशाखात ते झालं तेव्हा मी सोलापूरला मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलो होतो. परत आलो तर दारात गाव जमलेलं. काय झालं ते मला दहा जणांनी सांगितलं, पण त्या दहाही जणांनी ते तुझ्या सासूच्या तोंडून ऐकलेलं होतं. तू आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होतीस. तुला विचारायचं माझ्या मनात होतं. पण शिवगणाराधना होऊन त्याचे दिवस संपले आणि नागप्पा तुला सोलापूरला भवानी पेठेत घेऊन गेला.

तुझी सासू बसव्वा सांगते ते इथं एकदा मांडतो. चुकत असेल तिथं तू सांग. जळालेल्या मोटरचं वाइंडिंग माझ्या गुरुशांतनं स्वतः नवं भरलं आणि ती बोअरमध्ये सोडली. ती सुलटी फिरते की उलटी ते बघायला तो बोअरच्या तोंडाशी उभा राहिला, तू खोलीत स्टार्टरच्या पेटीपाशी. पाणी बारीक आलं, म्हणजे मोटर उलटी. त्यानं तुला बंद करायला सांगितलं आणि बोअरपाशी वायरींचा जोड सोडून दोन वायरींची अदलाबदल करायला बसला. तो बसलेला असतानाच तू हिरवं बटण दाबलंस. बसव्वा भाकरी घेऊन बांधावरून येत होती. तिनं मोटरचा आवाज ऐकला आणि गुरुशांतला पडताना बघितलं. ती धावत आली तेव्हा तुझा हात पेटीवर होता.

असं ती सांगते.

त्या दिवसापासून मोटर बोअरमध्ये तशीच आहे. वायरमननं खांबावरून आपली वायर तोडली, अपघात म्हणून कागद केला आणि गेला. पेटी कुणी उघडली नाही. आता त्याची लिंबोणी वाळायला लागली आहे. त्याला समाधी दिली ती त्याच लिंबोणीच्या कडेला, तुला माहीत आहे. पोराच्या उशाला त्यानंच लावलेली झाडं वाळताना मला बघवत नाहीत. म्हणून वायर परत जोडून घेतली आहे आणि कल्लप्पा मिस्त्रीला मोटर बघायला बोलावलं आहे. बसव्वाला हे पटलेलं नाही. "त्या बोअरचं पाणी मला इखावाणी हाय," म्हणते आणि माझ्याशी बोलत नाही.

तू दोन ओळी लिही. काय आठवतं तेवढंच. मला दुसरं काही नको.

तुझा मामा,
चन्नवीर

*

मंद्रूप
९ फेब्रुवारी

श्रीदेवी,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस हेच पुष्कळ झालं.

मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की तोंडपाठ झालं. "ते म्हणाले बंद कर, मी बटण दाबलं. आवाज थांबला असं वाटतं. मग ते म्हणाले, लाईट गेली बघ, तू थांब तितंच. मी थांबले. खोलीच्या आढ्याला चिमणीनं घरटं केलं होतं, ते बघत होते. मग एकदम मोटरचा आवाज आला. मी पेटीकडं गेले, दोन्ही बटणं दाबली, कुठलं आधी ते आठवत नाही. रोज आठवायला बसते. लाल दाबलं की हिरवं. सगळे म्हणतात हिरवं. मग तसंच असेल."

श्रीदेवी, तू लिहितेस की आवाज आधी आला आणि हात नंतर लागला. पण कुणी बटण दाबल्याशिवाय मोटर कशी सुरू होईल? हे माझ्या डोक्यात उतरत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

बसव्वालाही वाचून दाखवलं. ती चुलीपुढं होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तिला आठवंना व्हय? मला आठवतंय की. मरस्तवर आठवंल." मग तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही.

तिच्यावर रागावू नको असं मी म्हणणार नाही. पण ती कशी आहे ते सांगतो. गुरुशांतचा एक शर्ट अजून दोरीवर आहे. ऊन लागून पार विटला. काढत नाही, कुणाला काढू देत नाही.

कल्लप्पानं दोन माणसं आणून चेन-पुलीनं मोटर वर काढली. नऊ-दहा महिने पाण्यात राहूनही मोटर चांगली निघाली. वायरीचा जोड मात्र खराब झाला होता, तो नवीन करायचा आहे. कल्लप्पा म्हणाला, "गुरुशांतनं काम चोख केलं हुतं अण्णा. मोटरीत खोट न्हाय." हे ऐकून बरं वाटावं की वाईट, मला कळलं नाही.

तू जेवतेस ना? नागप्पा म्हणत होता, दिवसभर टॉवेलांच्या कडा शिवत बसतेस, बाहेर पडत नाहीस. शिवण चांगलीच आहे, पण सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत तरी जात जा. वारा असतो तिथं.

तुझा मामा,
चन्नवीर

*

मंद्रूप
२६ फेब्रुवारी

श्रीदेवी,

हे पत्र उघडल्यावर आधी खाली बस.

तू हिरवं बटण दाबून काही केलं नाहीस. मोटर तुझ्या हातानं सुरू झाली नव्हती. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. माझ्या डोळ्यांनी बघून लिहितो आहे. कसं ते आता सांगतो.

काल कल्लप्पानं मोटर परत सोडली. एकेक पाइप जोडत, केबल पाइपाला बांधत. मोटरीतून तीन वायरी येतात, लाल, पिवळी, निळी. त्या तिन्ही वरच्या वायरींना जोडल्या. मी म्हटलं, रंगाला रंग जोड म्हणजे झालं. तो हसला. "अण्णा, रंग जुळला म्हणून मोटर सुलटी फिरंल असं न्हाय. डीपीवरनं फेज कसा आलाय ते कुणाला ठावं. पाणी बघूनच कळतंय. बारीक आलं की उलटी. मग कुठल्याबी दोन वायरी बदलायच्या."

तो पेटीपाशी गेला आणि मी पाइपापाशी थांबलो, गुरुशांत थांबला होता तिथंच. दुसरीकडून पाइप दिसत नाही म्हणून थांबावंच लागलं. त्यानं बटण दाबलं. खालून घुमल्यासारखा आवाज आला आणि बऱ्याच वेळानं पाणी आलं. करंगळीएवढी धार, तीही थुंकल्यासारखी. मी ओरडलो, "बारीक हाय!" कल्लप्पानं लाल बटण दाबलं. मोटर थांबली.

तेवढ्यात पेटीवरचा दिवा विझला. लाईट गेली होती. कल्लप्पा म्हणाला, "येऊ दे लाईट, तवर चार घास खाऊ." त्याची माणसं, तो आणि मी कडुलिंबाखाली बसलो. भाकरी आणि शेंगाची चटणी होती. खोलीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. ते सगळे माझ्या डोळ्यांपुढं बसलेले होते, आणि खोली रिकामी.

लाईट आली. खोलीत खट् असा आवाज झाला आणि मोटर सुरू झाली.

कल्लप्पाच्या हातातली भाकरी खाली पडली. "कुणी जागचं हलू नका! वायरीला, पाइपाला कुणी हात लावू नका!" असं ओरडत तो आत पळाला. आधी मेन स्विच खाली ओढला, फ्यूज काढले, मग पेटी उघडून आत बघू लागला. पेटीच्या मागं भिंतीत जो कोनाडा आहे त्यात साबणाच्या वडीएवढी एक डबी होती. तिच्यातून बारीक वायरी निघून पेटीत गेल्या होत्या.

"ऑटो बसवलाय की हो हितं," तो म्हणाला.

मी विचारलं, म्हणजे काय. त्यानं सांगितलं की ही डबी बसवली म्हणजे लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते. तुम्ही आधी हातानं बंद करून ठेवली असली तरी होते. लाईट ऑफिसचे लोक ती काढायला लावतात, म्हणून पोरं ती आत दडवून बसवतात. मी विचारलं, ही कुणी बसवली. त्यानं मला वायरीवरची टेप दाखवली. निळी टेप. गुरुशांतच्या सायकलच्या मुठीला होती, चष्म्याच्या काडीला होती, तुझ्या शिलाई मशीनच्या वायरीला होती. गावात दुसरं कुणी निळी टेप वापरत नाही.

कल्लप्पानं मला धरून बसवलं, पाणी दिलं. आणि तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. "लाईट गेली बघ, तू थांब तितंच."

त्याला वाटलं असेल, स्टार्टर बंद आहे, वर लाईटही गेली आहे, तेवढ्यात जोड बदलून घेऊ. मेन ओढायचा कंटाळा केला. आणि डबी बसवल्याचं विसरला. त्या उन्हाळ्यात एक आठवडा लाईट दिवसाची असायची, एक आठवडा रात्रीची. तेव्हा रात्री-अपरात्री उठून शेतात जावं लागायचं. एकदा वाटेवर साप आडवा गेला म्हणून तू त्याला जाऊ देत नव्हतीस, हेही मला आठवतं. तेव्हाच बसवली असणार. मला सांगितलं नाही, कारण मी काढायला लावली असती. तुला सांगितलं नाही, कारण तू घाबरली असतीस. असं मला वाटतं. खरं काय ते त्यालाच ठाऊक.

म्हणजे तू लिहिलंस तेच बरोबर होतं. आवाज आधी आला. तुझा हात नंतर लागला, आणि तो मोटर बंद करायला लागला.

काम तिथंच थांबवलं.

बसव्वाला अजून सांगितलं नाही. तुझ्यावरचं उचललं की ते पोरावर ठेवावं लागतं. तिला ते कोणत्या शब्दांत सांगू, ते मला समजत नाही. पण सांगणार आहे.

तुझा मामा,
चन्नवीर

*

मंद्रूप
१७ मार्च

श्रीदेवी,

तुझं उत्तर आलं नाही. उत्तर यावं असं त्या पत्रात काही नव्हतंही. नागप्पाला फोन केला होता. तो म्हणाला, पत्र वाचून तू दिवसभर रडलीस आणि मग दोन दिवस झोपलीस. झोपलीस हे चांगलं झालं.

इकडचं सांगतो.

बसव्वाला मी सकाळी सांगितलं. ती ओट्यावर तूर निवडत होती. सगळं सांगून होईपर्यंत तिचा हात सुपात चालूच होता. मग थांबला.

"म्हंजे माझ्या लेकानं आपल्या हातानं आपला जीव घेतला, असं म्हणताय?"

मी म्हटलं, "तसं न्हाय. इसरला त्यो."

"माझा गुरुशांत इसरणारा नव्हता. तुमी सुनेला सोडवा आन् पोराला गुतवा. मेलेल्याला तोंड न्हाय म्हणून."

सूप तिथंच टाकून ती आत गेली. त्यानंतर तिनं स्वयंपाक केला, गुरांचं केलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी डबी घरी आणून ठेवली होती. एकदा बघितलं तर ती डबी हातात घेऊन बसलेली. निळ्या टेपवरून अंगठा फिरवत होती. मी दारातूनच मागं फिरलो.

कल्लप्पा राहिलेलं काम करायला आला त्या दिवशी त्याची माणसं दुसरीकडं गेली होती. त्यानं मेन ओढला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले, मगच जोड सोडून लाल आणि निळ्या वायरीची अदलाबदल केली. टेप गुंडाळली. फ्यूज परत घालून मेन वर केला आणि म्हणाला, "पाण्यापाशी मला थांबाया पायजे, आवाज ऐकायचाय. बटणापाशी कोण?" मी निघालो, तर दारात बसव्वा उभी. बांधावरून कधी आली, आम्हाला कळलंही नव्हतं.

"मी दाबते," म्हणाली.

कल्लप्पानं तिला दाखवलं. हिरवं चालू, लाल बंद. मग तो बोअरपाशी गेला आणि ओरडला, "अव्वा, दाबा!"

काहीच झालं नाही. तो परत ओरडला. मी आत डोकावलो. बसव्वाचं बोट हिरव्या बटणावर होतं आणि बांगड्या पेटीवर वाजत होत्या.

"दाबवंना हो," ती म्हणाली. "तितं माणूस उभा हाय."

मी म्हटलं, "कल्लप्पा हाय त्यो. जोड झाकलाय. त्याला काय हुत न्हाय."

"व्हय. पर तितं माणूस उभा हाय की." मग बटणाकडं बघतच म्हणाली, "ती पोर अशीच हुबी हुती न्हाय हितं? एकटी. आन् मी आल्या आल्या तिचा हात धरून सगळ्यांम्होरं म्हटलं, ह्याच हातानं. ह्याच हातानं म्हटलं मी."

तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

या खेपेला आवाजच वेगळा होता. पाइप हिसका देऊन हलला आणि मनगटाएवढी धार आली, लांब जाऊन पडली. कल्लप्पा ओरडला, "नीरु बंतु! पाणी आलं! हीच सुलटी!" पण आमच्यातलं कुणी हसलं नाही. पाणी पाटातून लिंबोणीकडं गेलं. बसव्वा चपला काढून पाटाच्या कडेकडेनं पाण्याबरोबर चालत गेली. समाधीपाशी पाणी पोचलं तेव्हा ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली. इतक्या महिन्यांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. आजवर ती रडायची ती शिव्या देत देत. त्या दिवशी नुसती रडली.

पुढच्या बाजारला माझ्याबरोबर आली. मला वाटलं मीठ-मिरची घ्यायची असेल. ती सरळ लसूणवाल्या नागम्माकडं गेली. नागम्मा तिची जुनी मैत्रीण, सगळ्यात आधी तिलाच सांगितलं होतं. बसव्वा उभ्या उभ्याच म्हणाली, "नागम्मा, मी तुला बोलले हुते, माझ्या सुनेनं बटण दाबलं म्हणून. ते खरं न्हाय. लाईट आली आन् मोटर आपली आपण चालू झाली. पोरानं ऑटो बसवला हुता. सुनेनं काय केलं न्हाय."

नागम्मा वरमली. "आता कशाला गं? लोक इसरलं ते."

"मी बोलले तवा लोक ऐकत हुते. आता बी ऐकू देत."

तिथून भाजीवाल्याकडं, बांगडीवाल्याकडं, पिठाच्या गिरणीत. काही जणांना आठवतही नव्हतं. एक नवी बाई विचारती झाली, कोणाची सून? तिलाही पहिल्यापासून सांगितलं. तुझी सासू मान खाली घालून बोलणारी बाई नव्हे, तू तिच्या हाताखाली राहिली आहेस. त्या दिवशी प्रत्येक ठिकाणी ती मान खाली घालून बोलली. मी पिशवी धरून मागं उभा होतो.

घरी आल्यावर दोरीकडं बघत म्हणाली, "तिच्या दारात कवा जायाचं?"

तू नको म्हणालीस तर येणार नाही. नागप्पाकडून निरोप दे.

तुझा मामा,
चन्नवीर

*

मंद्रूप
२१ एप्रिल

श्रीदेवी,

परवा तुमच्याकडून आलो. समोर बसून जे बोलायला हवं होतं ते बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला.

तुमच्या गल्लीत शिरलो तेव्हा दोन्हीकडून यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. बसव्वा म्हणाली, "एवढ्या आवाजात ही पोर झोपत्या कशी?" वरच्या मजल्यावर नागप्पानं बसायला दिलं. तू आतून आलीस. किती वाळली आहेस. माझ्या पाया पडलीस, तिच्या पडली नाहीस. ते योग्यच केलंस. तिलाही तसंच वाटलं, तिनं मला वाटेत सांगितलं.

तिनं काय म्हटलं ते तू ऐकलंस. ती घरून बरंच ठरवून आली होती, पण तुला बघितल्यावर एवढंच निघालं, "मी लई वंगाळ बोलले गं. मला माफ कर."

आणि तू सासूला म्हणालीस, "अत्ती, राग ऱ्हायला न्हाई. पण माफ केलं असं तोंडातनं येईना. खोटं कशाला बोलू?"

ती म्हणाली, "नको बोलू."

तुझा भाऊ मध्ये काही बोलणार होता, तू त्याला थांबवलंस आणि चहा करायला गेलीस. त्या चहाबद्दल मला तुला सांगायचं आहे. परतीच्या जीपमध्ये बसव्वा खिडकीबाहेर बघत बसली होती. नांदणीचं वळण गेल्यावर एकदम म्हणाली, "बघितलं का? माझ्या चहात आलं न्हवतं. तुमच्यात हुतं, नागप्पाच्यात हुतं. माझा येगळा केला तिनं. मला आल्यानं जळजळतंय, ते तिच्या ध्यानात हाय." घरी पोचेपर्यंत ती हेच दोनतीनदा म्हणाली. दुसरं काही बोलली नाही. मला वाटलं तुला हे कळावं. तू माफ केलंस असं ती समजत नाही, तशी भीती बाळगू नको.

जिन्यात तू मला हळूच म्हणालीस, "मामा, मी अक्कलकोटला हो म्हणलंय." आणि मी नुसतं "बरं झालं" म्हणून चपलेत पाय घालायला लागलो. तुला वाटलं असेल मामांना आवडलं नाही. तसं नाही, श्रीदेवी. मला गुरुशांतचं लग्न आठवलं आणि मी वर बघितलं असतं तर तुझ्यापुढं रडलो असतो. शुभ बोलल्यावर म्हाताऱ्यानं रडू नये. आता लिहितो. फार चांगलं केलंस. मनापासून सांगतो. त्या घरी हसून जा. इथलं काही बरोबर नेऊ नको, आणि नेलंस तरी जड वाटेल तेव्हा खाली ठेव.

गुरुशांतवर रागावायचं असेल तर रागाव. मीही रागावतो. संध्याकाळी पाणी द्यायला जातो तेव्हा समाधीपाशी बसून त्याला बोलतो. एवढं हुशार पोरगं, सगळ्या गावाच्या मोटरी दुरुस्त करायचा. एक मेन खाली ओढायला तुझं काय जात होतं रे? असं रोज विचारतो. मग उठतो.

लिंबोणी सगळी वाचली नाही. वरच्या अंगाची झाडं गेली, ती काढून टाकली. खालच्या झाडांना नवी पालवी आहे.

लग्नाला आम्ही येणार नाही. बोलावू नको. आमचं तिथं उभं राहणं त्या लोकांना बरं वाटणार नाही, आणि तुलाही सारखं आमच्याकडं बघावं लागेल. पण तारीख कळव. बसव्वा म्हणते, त्या दिवशी घरात लग्नाघरी करतात तशी गव्हाची गोड हुग्गी करायची, तुझ्या नावानं. काल तिनं गूळ आणून ठेवला आणि गहू मोजायला बसली. मापानं गहू घेतले, परत ओतले, परत घेतले. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "दोघांपुरती हुग्गी किती करायची असत्या, मला ठावंच न्हाय."

तुझा मामा,
चन्नवीर